सुरतेची थडगी आणि तिरपं ऊन

सुरतेच्या कतारगाम दरवाजा भागात, भर वस्तीत, इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची जुनी कबरस्तानं आहेत. आत शिरताच नजरेत भरतात ते घुमट. परक्या मुलखात दिमाख दाखवायचा तर तो इथल्या थाटात, म्हणून या व्यापाऱ्यांनी मोगली मकबऱ्यांची धाटणी उचलली.

इथलं दुमजली स्मारक ऑक्झेंडन बंधूंचं. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज १६६९ मध्ये. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच जॉर्ज. डचांच्या बाजूला व्हान रीडचं थडगं आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ त्याने सिद्ध केला. तो १६९१ मध्ये गेला.

अशा जागी कॅमेरा आपसूक घुमट आणि वेलींकडे वळतो. तसे फोटो जरूर काढावेत, पण आधी शिलालेख टिपावा. चुन्याचा गिलावा दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटतो, दगडाचे पापुद्रे निघतात, आणि एकदा झिजलेलं अक्षर परत मिळत नाही.

कोरीव अक्षर वाचता येतं ते सावलीमुळे. ऊन समोरून पडलं की दगड सपाट दिसतो. तेच बाजूने, दगडाला घासून गेलं की प्रत्येक खाचेत काळी रेघ उमटते. म्हणून पूर्वेकडे तोंड असलेला लेख सकाळी उशिरा, ऊन त्यावरून सरकत असताना टिपावा. उत्तरेकडच्या लेखावर आपल्याकडे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येतच नाही. तिथे सोबत्याच्या हाती आरसा द्यावा आणि कवडसा कडेने पाडावा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासू नये, ब्रशने खरवडू नये. त्याने दगडच झिजतो.

घुमटाखाली अंधार आणि कमानीबाहेर लख्ख ऊन असतं. तिथे कॅमेरा न हलवता कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन ते नंतर जोडावेत. ही संरक्षित स्मारकं आहेत, त्यामुळे ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीची चौकशी करावी.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, दिशा आणि थडग्याची जागा लिहून ठेवावी. एवढं केलं, तर उद्या डागडुजी करणाऱ्याला आणि इतिहास लिहिणाऱ्याला तो फोटो पुरावा म्हणून वापरता येईल.