कार्ड बदलावे की न बदलावे? एका संशयाचा निर्णय

(चिंचपाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय ऐकून काही जण मघाशी हसले, ते आम्ही पाहिलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ग्राफिक्स कार्डावर काय बोलावं? पण गेले दोन महिने आमच्या घरात हाच एक प्रश्न आहे. सकाळी चहाला तोच, संध्याकाळी जेवताना तोच. आणि विचार करता करता आमच्या लक्षात आलं की, ज्या गोष्टी आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत आलो, त्यांचाच इथे उपयोग आहे. म्हणून म्हटलं, चला, हेच आपल्यापुढे मांडू.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा कार्यक्रम. समोर पडद्यावर कॉकपिट, काटे, धावपट्टी, हातात जॉयस्टिक. आम्ही निवृत्तीनंतर हा नाद लावून घेतला. सुरतेहून छोटं सेसना उचलायचं आणि रेल्वेचा रूळ धरून व्यारा, सोनगड, नवापूर करत यायचं. डाव्या हाताला उकाईचं पाणी दिसतं. मग चिंचपाडा येतं, खाली आपलं स्टेशन येतं. तिथून पुढे धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर उतरायचं. साधारण तासाभराचा प्रवास. वयाच्या सत्तरीनंतर आपलं गाव वरून पाहायला मिळतं, ही काही लहान गोष्ट नव्हे!

अडचण अशी की विमान अडखळतं. वळण घेतलं की चित्र थांबतं, मग उडी मारून पुढे जातं. आमच्याकडे आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं जुनं कार्ड. ज्याला विचारावं तो म्हणतो, "सर, कार्ड बदला." खर्च आमच्या पेन्शनला जाणवेल एवढा. मग बदलावं की नाही?

गौतमाच्या न्यायसूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तिसरा संशय, चौथा प्रयोजन आणि नववा निर्णय. हा क्रम आम्ही शेकडो विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला, आणि घरात मात्र संशयावरून थेट निर्णयावर उडी मारायला निघालो होतो. दुकानदार नेहमी निर्णय विकतो, बरं का. संशय तपासायचं काम आपलं असतं.

तर संशय नीट मांडू. पडद्यावर दिसणारं चित्र एकसंध नसतं. सेकंदाला तीस चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण ३३ मिलीसेकंद मिळतात. साठ दाखवायची तर १७ सुद्धा पुरे मिळत नाहीत. या चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेममागे दोघांचे हात लागतात. विमान कुठे आहे, वारा किती, इतर विमानं कुठे, कोणती घरं-झाडं दाखवायची, हे प्रोसेसर ठरवतो. ते सगळं रंगवून पडद्यावर आणतं ते कार्ड. आपल्या घरात भाकरी होतात तसं समजा. एक जण थापतो, दुसरा तव्यावर भाजतो. थापणारा मागे पडला असेल तर मोठा तवा आणून काय होणार? तवा रिकामा तापत बसेल. आणि भाजणारा मागे पडला असेल तर थापलेल्या भाकरी वाट पाहत राहतील. दोन्ही वेळा ताटात भाकरी उशिराच येते. जेवणाऱ्याला दोष कोणाचा ते ताटावरून कळत नाही. आमचं अडखळणारं विमान म्हणजे हे ताट.

मग कळणार कसं? इथे आपल्या परंपरेतली एक जुनी रीत कामाला येते: अन्वय-व्यतिरेक. एक असताना दुसरं असतं, आणि ते नसताना दुसरंही नसतं, हे पाहिल्यावरच आपण एकाला दुसऱ्याचं कारण म्हणू शकतो. बाकीचं सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते वहीत लिहायचं. घरी करून पाहता येईल असा हा प्रयोग आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली पायरी: उड्डाण एकच ठेवा. तोच विमानतळ, तीच वेळ, तेच विमान. हवामान 'आत्ताचं खरं' ठेवू नका, निरभ्र निवडा. नाहीतर आज ढग आणि उद्या ऊन, तुलना कशी व्हायची? सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते लिहा.

दुसरी पायरी: सेटिंगमध्ये रेंडर स्केलिंग १०० वरून ५० करा. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे रंगवायचे ठिपके एक चतुर्थांश. कार्डाचं काम एकदम हलकं झालं, प्रोसेसरचं तेवढंच राहिलं. आता फ्रेम भराभर वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता. वाढल्याच नाहीत तर कार्ड निर्दोष आहे.

तिसरी पायरी उलटी. स्केलिंग पुन्हा १०० करा. आता दूरवरच्या भूप्रदेशाचा तपशील आणि विमानतळावरची इतर विमानं कमी करा. यात मुख्यतः प्रोसेसर हलका होतो. फ्रेम इथे वाढल्या तर दोष थापणाऱ्याचा.

आम्ही हे केलं. नवापूर-चिंचपाड्याच्या रानावरून उडताना २६ फ्रेम मिळत होत्या. स्केलिंग निम्मं केल्यावर ४१ झाल्या. म्हणजे कार्डच कमी पडत होतं! आम्ही दुकानदाराला फोन लावणारच होतो. पण वहीत मुंबई विमानतळाचाही एक रकाना होता. तिथे मोठं प्रवासी विमान, भोवती डझनभर विमानं, खाली दाट वस्ती. फ्रेम १७. स्केलिंग निम्मं केलं तर १९. आणि रहदारी कमी केली तर २५. म्हणजे तिथे कार्ड निर्दोष, प्रोसेसर दोषी. यंत्र एकच, प्रश्न एकच, आणि उत्तरं दोन. 'माझ्या संगणकाला नवं कार्ड लागेल का' हा प्रश्नच अपुरा आहे, हे तेव्हा आम्हाला कळलं. कुठे उडायचं, काय उडवायचं, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

अजून तीन कारणं पाहून घ्या, कारण ती फुकटात किंवा थोडक्यात सुटतात. एक, इंटरनेट. मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा सिम्युलेटर जमिनीची उपग्रह-चित्रं उडत असतानाच नेटवरून आणतो. आपल्याकडे संध्याकाळी नेट मंदावलं की खालची घरं मेण वितळल्यासारखी दिसतात. जगातलं सर्वांत महागडं कार्ड आणलं तरी ती सुधारणार नाहीत. दोन, उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच इतकी तापते की कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. आम्ही कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर धुळीचा नमदा बसला होता! तीन, कार्डाची स्वतःची मेमरी. टास्क मॅनेजरमध्ये ती काठोकाठ भरलेली दिसली तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. वळताना बसणारे झटके बरेचदा तेवढ्यानेच जातात.

एवढं करूनही कार्ड घ्यायचंच ठरलं, तर त्याच्यामागची वरात मोजा. आमचं जुनं कार्ड ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं. आरटीएक्स ३०६० घेतलं तर ते १७० वॅट मागतं. आरटीएक्स ४०६० तुलनेने कमी, ११५ वॅट. दोन्हींना एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. एसएमपीएस जुना असेल तर तोही बदला. मग लाइट गेल्यावर यूपीएस पुरेल का ते पाहा. कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का ते मोजा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते असं. मॉनिटरचाही विचार हवा. फोर-के मॉनिटरवर फुल एचडीच्या बरोबर चौपट ठिपके रंगवावे लागतात. मॉनिटर फुल एचडीच राहणार असेल तर फोर-केसाठीचं कार्ड घेणं म्हणजे एका माणसासाठी पंगतीचा तवा.

आता प्रयोजन. ॲरिस्टॉटल म्हणतो की आपण खल करतो तो साधनांचा. वैद्य 'रोगी बरा करावा का' यावर खल करत नाही, कसा करावा यावर करतो. खरं आहे. पण साध्य आधी स्पष्ट हवं, आणि आमचं तसं नव्हतं. कारण आमच्या संगणकावर आता आम्ही एकटे उडत नाही.

शेजारच्या पाड्यावरचा एक मुलगा संध्याकाळी येतो. बारावीला आहे, फिजिक्स आणि गणित घेतलेलं आहे. त्याला वैमानिक व्हायचं आहे. आधी आम्ही गंमत समजलो. पण त्याने धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं उतरताना पाहिली आहेत. ज्या क्लबात जेआरडी टाटा उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातला पहिला परवाना मिळवते झाले, तोच हा क्लब. मुलगा काटे वाचतो, नोंदी ठेवतो. फक्त उतरताना विमान आपटतं. परवा तो म्हणाला, "सर, नवीन कार्ड आलं की लँडिंग जमेल ना?"

हा प्रश्न आम्हाला रात्रभर झोपू देईना. आमची हौस वेगळी. एका मुलाची आशा वेगळी. तेव्हा पुन्हा वही काढली. दुसऱ्या दिवशी सगळी सेटिंग खाली आणली, फ्रेम तीसवर बांधून टाकल्या. चित्र ओबडधोबड, पण अडखळणं बंद. त्याला दहा वेळा उतरवायला लावलं. दहाही वेळा आपटलं! दोष फ्रेमचा नव्हता. वेग पाहिला तर प्रत्येक वेळी धावपट्टीवर येताना पंधरा-वीस नॉट जास्त. ट्रिम न लावता तो स्टिकशी झगडत होता. ते सांगितल्यावर आठवड्याभरात दहातली सहा उतरू लागली.

इथे इतिहास एक गमतीची साक्ष देतो. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यात भाते आणि हवेचे पंप वापरून शिकाऊ विमान बनवलं. आत बसायचं, वरून झाकण लावायचं. बाहेरचं दृश्य शून्य, समोर फक्त काटे. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने ते विकत घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या बंद पेटीत शिकले. एकही फ्रेम न पाहता! काट्यांवर उडायला शिकायचं असेल तर चित्राची श्रीमंती लागत नाही. लागतो तो सराव.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो निर्णय एकतर्फी होईल. घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात जे सिम्युलेटर चालतं ते मान्यताप्राप्त, आणि तेही मर्यादेत. तेव्हा आमच्या खोलीतून कोणी वैमानिक होऊन बाहेर पडणार नाही. पण ज्याला नुसता आनंद हवा आहे, त्याने चित्र सुंदर हवं म्हटलं तर त्यात गैर काय? डोंगरावरचं धुकं पाहण्यात सुख आहे. त्याचा मॉनिटर मोठा असेल, प्रयोगात कार्डच दोषी ठरलं असेल, पैसा मोकळा असेल, तर त्याने खुशाल घ्यावं. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीवर जायचं असेल तर तिची किमान मागणीच जीटीएक्स ९७० पासून सुरू होते. तिथे आमच्यासारखं कार्ड बदलण्यावाचून इलाज नाही.

आमचा निर्णय वेगळा झाला. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. आम्हालाही विसाव्या वर्षी उडायचं होतं. चार वर्षं तयारी केली, आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे आम्हाला दिसले नाहीत. आम्हाला काही रंग वेगळे ओळखू येत नाहीत, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षं आधी कळलं असतं तर चार वर्षं वाचली असती. म्हणून कार्डासाठी बाजूला काढलेल्या पैशातून पहिलं काम हे: मुलाला डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे वर्ग दोनच्या तपासणीला घेऊन जायचं. पुढच्या आठवड्यात निघतो आहोत. त्याचे वडील बरोबर येणार आहेत. उरलेल्या पैशात पायाखालचे रडर पेडल घेऊ. कार्ड आहे तेच राहील.

तपासणीत काय निघेल ते आम्हाला माहीत नाही. त्याला तसं सांगितलं आहे. तो म्हणाला, "कळलेलं बरं, सर."

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: 'जुनं, वापरलेलं कार्ड घ्यावं का?' घ्यावं, पण समोर तासभर चालवून पाहूनच. ज्यावर रात्रंदिवस क्रिप्टोचं काम झालं असेल त्याचे पंखे आधी पाहा. दुसरी चिठ्ठी: 'पैसेच नसतील तर?' तर फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर पूर्ण फुकट आहे, आणि साध्या संगणकावर हलक्या सेटिंगला चालतो. वही मात्र लागेल. ती पहिल्या दिवसापासून ठेवा.