डब्लिनच्या रस्त्यांवरच्या केल्टिक कथा

केल्टिक पुराणकथांचे शहर म्हणून पर्यटक डब्लिनकडे पाहतात; पण हे शहर केल्टांनी वसवलेले नाही. लिफी नदीच्या मुखाजवळ ८४१ मध्ये व्हायकिंगांनी तळ ठोकला आणि त्यातून पुढे शहर वाढले. मध्यभागातले रुंद रस्ते आणि विटांच्या उंच घरांचे चौक बहुतांशी अठराव्या शतकातले, ब्रिटिश अमलातले. आयरिश देवदेवता, वीर आणि परीलोक यांच्या कथा घडतात त्या बहुतेक शहराबाहेर: उत्तरेच्या अल्स्टरमध्ये, बॉइन नदीच्या खोऱ्यात, पश्चिमेच्या कनॉटमध्ये. डब्लिनमध्ये त्या आल्या हस्तलिखितांतून, संग्रहालयांतून, रंगभूमीवरून आणि स्मारकांतून. म्हणून या शहरातली पायी कथायात्रा दोन गोष्टी सांगते: कथा काय आहेत आणि एका राष्ट्राने त्या कशासाठी जपल्या. उत्तरेच्या पार्नेल चौकापासून दक्षिणेच्या मेरियन चौकापर्यंतचा हा मार्ग सुमारे तीन किलोमीटरांचा आहे.

कथांची पार्श्वभूमी

‘केल्टिक’ ही मुळात भाषाकुलाची ओळख. आयरिश, वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश या भाषांचे नाते वेल्श अभ्यासक एडवर्ड लॉइड यांनी १७०७ मध्ये मांडले, आणि पुढे या भाषा बोलणाऱ्यांच्या कथांनाही तेच नाव मिळाले. आयर्लंडमध्ये या कथा आधी तोंडी होत्या. ख्रिस्ती धर्म आल्यावर मठांतील भिक्षूंनी त्या आयरिश भाषेत लिहून काढल्या. लिहिणारे ख्रिस्ती, कथा मात्र जुन्या देवांच्या, असा हा पेच असल्याने देव कधी राजे होतात, कधी जादूगार, तर कधी बायबलमधील वंशावळीत बसवले जातात.

आधुनिक अभ्यासक या कथांचे चार गट करतात. पहिला तुआहा डे डानन या देवतुल्य लोकांचा, दुसरा अल्स्टरच्या वीरांचा, तिसरा फिन मॅक कूल आणि त्याच्या टोळीचा, चौथा राजांचा. यांखेरीज लोककथांचा वेगळा प्रवाह आहे. परी, बॅन्शी, लेप्रिकॉन हे त्या प्रवाहातले.

पार्नेल चौक: लिरची मुले

पार्नेल चौकातील ‘गार्डन ऑफ रिमेम्ब्रन्स’ हे स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांचे स्मारक. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावाला ५० वर्षे झाली तेव्हा, १९६६ मध्ये, त्याचे उद्घाटन झाले. मधोमध क्रुसाच्या आकाराचे तळे आहे आणि त्याच्या तळावर मोझेइकमध्ये भाले, तलवारी, ढाली दिसतात. युद्ध संपल्यावर शस्त्रे मोडून पाण्यात अर्पण करण्याच्या प्राचीन केल्टिक रिवाजाची ती खूण आहे.

तळ्याच्या टोकाशी ओशीन केली यांचे १९७१ मधील ब्राँझ शिल्प आहे: चार मुले कोसळत आहेत आणि त्यांच्यातून हंस वर झेपावत आहेत. कथा अशी. तुआहा डे डाननांपैकी एक असलेल्या लिरच्या पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर ईफा सावत्र आई म्हणून घरात आली. मुलांवरच्या बापाच्या मायेचा तिला मत्सर वाटला आणि तिने फिनूला व तिच्या तीन भावांना हंस केले. त्यांचा आवाज आणि समज मात्र माणसाची राहिली. डेराव्हारा सरोवरात ३०० वर्षे, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या वादळी समुद्रात ३०० वर्षे, पश्चिम किनाऱ्यावर ३०० वर्षे असा ९०० वर्षांचा हा वनवास. ख्रिस्ती धर्माची घंटा वाजली तेव्हा शाप सरला. मुले जराजर्जर माणसे झाली आणि बाप्तिस्मा घेऊन मरण पावली.

ही कथा उत्तर मध्ययुगात लिहिली गेली, म्हणजे अल्स्टरच्या वीरकथांपेक्षा ती बरीच अर्वाचीन आहे. शतकानुशतकांच्या परसत्तेनंतर पुन्हा माणूसपण मिळवणारी मुले, हे रूपक स्मारकाला नेमके जुळत होते.

टपाल कार्यालय: कू खुलिन

तिथून दक्षिणेला ओकॉनेल रस्त्यावर १८१८ मध्ये उघडलेले जनरल पोस्ट ऑफिस आहे. त्याच उठावात, एप्रिल १९१६ मध्ये, बंडखोरांनी आपले मुख्यालय इथेच केले आणि प्रजासत्ताकाची घोषणा केली. इमारतीच्या खिडकीत ऑलिव्हर शेपर्ड यांनी १९११ मध्ये घडवलेला, अल्स्टरच्या वीरांतल्या मरणासन्न कू खुलिनचा पुतळा दिसतो.

कू खुलिनचे बालपणीचे नाव सेटांटा. कुलन लोहाराचा राखणदार कुत्रा अंगावर आला तेव्हा त्याने तो मारला आणि भरपाई म्हणून स्वतःच राखण करण्याचे वचन दिले. ‘कुलनचा कुत्रा’ हे नवे नाव त्याला तिथून मिळाले. अखेरच्या लढाईत प्राणांतिक जखम झाल्यावर उभ्यानेच मरण यावे म्हणून त्याने स्वतःला एका उभ्या शिळेला बांधून घेतले. युद्धदेवतेशी नाते असलेला डोमकावळा खांद्यावर येऊन बसला, तेव्हाच तो मेल्याची शत्रूंची खात्री पटली. शेपर्ड यांनी नेमका हाच क्षण निवडला.

पुतळा उठावाच्या आधीचा, स्मारक मात्र उठावाचे. उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ मध्ये काढलेल्या शाळेत कू खुलिनचा आदर्श मुलांपुढे ठेवला होता. त्यामुळे १९३५ मध्ये सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांनी हाच पुतळा १९१६ च्या हुतात्म्यांचे स्मारक म्हणून उभा केला. पुढे बेलफास्टमधील ब्रिटननिष्ठ गटांनीही अल्स्टरचा रक्षक म्हणून कू खुलिनला आपल्या भित्तिचित्रांत घेतले. एकच वीर परस्परविरोधी दोन पक्षांचा झाला.

ॲबी थिएटर आणि नदीकाठ

पोस्टापासून काही मिनिटांवर ॲबी थिएटर आहे. २७ डिसेंबर १९०४ रोजी ते सुरू झाले. पहिल्या रात्रीच्या नाटकांत कवी डब्ल्यू. बी. येट्स यांचे ‘ऑन बेलीज स्ट्रँड’ होते. त्यात कू खुलिन नकळत स्वतःच्या मुलाला ठार मारतो आणि सत्य कळल्यावर समुद्राच्या लाटांशी लढत सुटतो. थिएटरच्या सहसंस्थापक लेडी ग्रेगरी यांनी १९०२ मध्ये कू खुलिनच्या कथा गॉलवेच्या ग्रामीण बोलीच्या इंग्रजीत सांगितल्या होत्या. जुनी आयरिश न येणाऱ्या पिढीपर्यंत या कथा पोचल्या त्या अशा पुस्तकांमुळे. मूळ इमारत १९५१ च्या आगीत नष्ट झाली. आजची १९६६ ची आहे.

जवळच लिफीच्या काठावर १७९१ मध्ये पूर्ण झालेले कस्टम हाउस आहे. एडवर्ड स्मिथ या शिल्पकाराने त्याच्या कमानींवर १४ मुखे कोरली, ती अटलांटिक महासागराची आणि आयर्लंडच्या नद्यांची. त्यांतले स्त्रीमुख एकच, लिफीचे. अभिजात युरोपीय वळणाच्या या मुखांत नद्या बहुतेक पुरुष झाल्या. आयरिश कथांत मात्र नदी ही देवी असते. बोअन निषिद्ध विहिरीजवळ गेली, पाणी उसळून तिच्यामागे धावले आणि बॉइन नदी झाली. शॅनन नदीची कथाही शिनन नावाच्या स्त्रीची, जवळपास तशीच. बॉइनच्याच काठी लहानग्या फिनने ज्ञानाचा सामन मासा भाजताना पोळलेला अंगठा तोंडात घातला आणि त्याला सर्वज्ञान मिळाले.

हस्तलिखिते आणि वळूंची झुंज

पूल ओलांडला की ट्रिनिटी कॉलेज लागते. पर्यटकांची रांग असते ती इ. स. ८०० च्या सुमारास तयार झालेल्या ‘बुक ऑफ केल्स’साठी, पण ते लॅटिन शुभवर्तमानांचे पुस्तक आहे, पुराणकथांचे नाही. कथांसाठी महत्त्वाचे ‘बुक ऑफ लिन्स्टर’ हे बाराव्या शतकातले हस्तलिखित कॉलेजच्याच ग्रंथालयात आहे. त्याहून जुने ‘तपकिरी गायीचे पुस्तक’ डॉसन रस्त्यावरच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. त्याचा एक लेखनिक माइल मुरे ११०६ मध्ये क्लोनमॅकनॉइसच्या मठात मारला गेला. ही दोन्ही पुस्तके नेहमी पाहायला ठेवलेली नसतात.

‘बुक ऑफ लिन्स्टर’मध्ये ‘टॉइन’ म्हणजे कूलीच्या गुरांच्या लुटीची कथा आहे. तिच्या शेवटी दोन टिपा आहेत. आयरिश टीप ही कथा जशीच्या तशी पाठ करणाऱ्याला आशीर्वाद देते. लॅटिन टीप म्हणते की लिहिणाऱ्याचा यातल्या बऱ्याच गोष्टींवर विश्वास नाही. काही सैतानाच्या करामती, काही कवींच्या कल्पना, तर काही मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत. परंपरा जपणारा आणि तिच्याकडे संशयाने पाहणारा भिक्षू इतक्या जवळ क्वचितच सापडतो.

नासाऊ रस्त्याजवळच्या सेटांटा प्लेसमध्ये डेस्मंड किनी यांनी १९७४ मध्ये केलेले ‘टॉइन’चे मोठे मोझेइक आहे. कनॉटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आपापली संपत्ती मोजतात. त्याच्याकडे पांढऱ्या शिंगांचा वळू आहे, तिच्याकडे त्याच्या तोडीचा नाही. म्हणून कूलीचा तपकिरी वळू आणायला ती अल्स्टरवर चालून जाते. अल्स्टरचे योद्धे शापामुळे निर्बल झालेले; एकटा कू खुलिन नदीच्या उतारावर सैन्य अडवतो आणि तिथेच आपला मानलेला भाऊ फर्डिया याला मारतो. शेवटी दोन वळूंची झुंज होते. तपकिरी वळू जिंकतो आणि प्रतिस्पर्ध्याचे अवयव देशभर भिरकावतो. बरगड्या पडतात त्या डब्लिनच्या जागी. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये अशा स्थळकथांचे मोठे संग्रह होते, आणि गावांची नावे कवींना त्यांच्या कथांसकट पाठ असावी लागत.

किल्डेअर रस्ता: सोन्याची नाव

किल्डेअर रस्त्यावरचे पुरातत्त्व संग्रहालय १८९० मध्ये उघडले. तिथली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे वल्ह्यांसह घडवलेली, २० सेंटिमीटरांहूनही लहान सोन्याची नाव. डेरी परगण्यात ब्रॉयटर इथे १८९६ मध्ये नांगरणी करताना ती इतर दागिन्यांबरोबर मिळाली. ब्रिटिश म्युझियमने हा ठेवा विकत घेतला आणि त्याची मालकी कोर्टात गेली. ठेवा परत काढण्यासाठी पुरला असेल तर तो राजसत्तेचा. देवाला कायमचा वाहिला असेल तर नाही, असा कायदा होता. म्हणून समुद्रदेवाला नाव अर्पण केली का, यावर १९०३ मध्ये लंडनच्या न्यायालयात युक्तिवाद झाले. न्यायाधीशांनी देवाचा दावा फेटाळला आणि ठेवा डब्लिनला आला.

याच इमारतीत दलदलीत टिकून राहिलेले लोहयुगीन मृतदेह आहेत. त्यांतले क्लोनीकॅव्हन आणि ओल्ड क्रोगन इथले दोन पुरुष २००३ मध्ये सापडले. दोघांचाही छळ करून खून झाला होता. राजाचा विवाह भूमिदेवतेशी होतो, आणि पीक बुडाले की अपयशी राजाचा बळी देऊन त्याला राज्याच्या सीमेवर पुरतात, असा अर्थ संग्रहालयातील संशोधकांनी लावला. तो सर्वमान्य नाही. पण राजा आणि भूमीच्या विवाहाची कल्पना आयरिश कथांत वारंवार येते, हे खरे.

मेरियन चौक: परींचे संकलक

मेरियन चौकातील १ क्रमांकाच्या घरात ऑस्कर वाइल्ड यांचे बालपण गेले. त्यांचे वडील सर विल्यम हे नामवंत शल्यविशारद आणि पुरातत्त्वज्ञ होते. त्यांनी १८५२ मध्ये आयरिश लोकसमजुतींवर पुस्तक लिहिले. आई लेडी वाइल्ड यांचा लोककथासंग्रह १८८७ मध्ये आला. पुढच्याच वर्षी येट्स यांनी परीकथांचा संग्रह संपादित केला. १९२० च्या दशकात तेही याच चौकात राहत होते.

या संग्रहांतल्या परी पंखांच्या नाजूक बाहुल्या नाहीत. तुआहा डे डानन पराभूत झाल्यावर टेकड्यांखाली राहू लागले आणि त्यांचेच पुढे परीलोक झाले, असे परंपरा सांगते. ते माणसांएवढे, मानी आणि धोकादायक असतात. निरोगी मूल पळवून त्या जागी रोगट मूल ठेवतात, म्हणून त्यांचे मानले जाणारे एकाकी काटेरी झाड किंवा जुनी गोल गढी मोडायला शेतकरी धजत नसत. बॅन्शी कोणाला मारत नाही. काही जुन्या घराण्यांत मृत्यू येणार असला की आधी रडून सांगते. लेप्रिकॉन हा एकटा राहणारा लबाड चांभार. हिरवा कोट आणि इंद्रधनुष्याच्या टोकाचे सोने ही त्याची आजची ओळख बरीचशी अलीकडची आहे.

घरी बसून वाचता येणारा संग्रह

यात्रेचा शेवटचा टप्पा चालण्याच्या अंतरावर नाही. आयरिश लोकसाहित्य आयोग १९३५ मध्ये स्थापन झाला, आणि त्याचा संग्रह आता शहराच्या दक्षिणेला युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने सुमारे ५,००० शाळांतील जवळपास ५०,००० मुलांना आपल्या घरच्या आणि शेजारच्या वृद्धांकडून कथा, उपचार, म्हणी, समजुती लिहून आणायला सांगितले. युनेस्कोने २०१७ मध्ये आयोगाचा संग्रह जागतिक स्मृती नोंदवहीत घेतला.

डब्लिनमध्ये वाटाड्यांच्या कथाफेऱ्या मिळतात आणि पुरातत्त्व संग्रहालय विनाशुल्क आहे. फेरीत ऐकलेली कथा हस्तलिखितातली, शेतकऱ्याच्या तोंडची की येट्स, लेडी ग्रेगरी यांच्या काळातल्या पुनरुज्जीवनाची, हा प्रश्न वाटाड्याला जरूर विचारावा. ज्यांना डब्लिनला जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शाळकरी मुलांच्या त्या वह्या ‘दूखस’ या संकेतस्थळावर मोफत खुल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच इंग्रजीत आहेत.