सांभाळणाऱ्यांचेही शिक्षण

आळंद तालुक्यातील खजुरी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या सरहद्दीवरचे गाव. पलीकडे उमरग्याचा मुलूख लागतो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेने या प्रदेशाचे दप्तर दोन राज्यांत वाटले गेले, परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि इलाजासाठीची येजा वाटली गेली नाही. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या येथल्या मुलांचा विचार सरहद्दीच्या दोन्ही अंगांना मिळूनच करावा लागतो.

सरकारी केंद्रांतून या आजाराची औषधे विनामूल्य मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि बालकांसाठी स्वतंत्र तजवीज झाली ती २००६च्या अखेरीस. जी बालके पूर्वी दहा वर्षांचीही होत ना, ती आता मिसरूड फुटेपर्यंत, पदर येईपर्यंत वाढतात, ही केवढी तरी आनंदाची गोष्ट. मात्र त्याच वयात असे प्रश्न उभे राहतात की ज्यांचे उत्तर औषधाच्या बाटलीत नसते.

अशा कित्येक घरांत आईबाप हयात नसतात आणि नातवंडाचा भार आजीवर येतो. ती बाटलीवरचा कागद खरवडून काढते, बाटली धान्याच्या डब्यात दडवते आणि रोज रात्री म्हणते, "ताकदीची गोळी हाय, गप गिळ." सहाव्या वर्षी हे खपते. बाराव्या वर्षी तेच मूल औषधकेंद्राच्या भिंतीवरची पत्रके स्वतः वाचते, आणि आजाराच्या धक्क्यापेक्षाही आपल्या माणसाने आपल्याला फसवले हा घाव त्याच्या जिव्हारी लागतो. मग गोळी जिभेखाली धरून परसात थुंकली जाते. मात्रा वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला सरावतो आणि पुढचा इलाज अवघड होऊन बसतो.

शाळकरी वयातील मुलाला त्याच्या आजाराचे सत्य समजेल तसे, टप्प्याटप्प्याने सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सुचवले आहे. आरंभी आजाराचे नाव घेण्याचे कारण नाही. रक्तातले पहारेकरी, त्यांच्यावर उठलेला शत्रू आणि त्याला निजवून ठेवणारी गोळी, एवढे लहान मुलाला पुरते, आणि नाव मागाहून येते. पण हे सांगण्याचे बळ आधी आजीत यावे लागते, आणि माझ्या मते साऱ्या कार्याची मेख येथेच आहे. जिने मुलगा आणि सून या आजारात गमावली, तिला स्वतःचे रडणे मोकळे करू दिल्यावाचून नातवाशी बोलावयास सांगणे निर्दयपणाचे होईल. समुपदेशकाला तिची मराठी आणि शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवाची भाषा, दोन्ही यावयास हव्यात.

जीवनकौशल्यांच्या यादीत आत्मभान, निर्णयक्षमता, ताणाचे नियमन अशी भारदस्त नावे असतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ पुष्कळ साधा आहे. सोबतीण विचारते, "रोज कसली गोळी घेतेस गं?" यावर काय म्हणावे, याची तालीम मुलीकडून करवून घ्यावयाची: "डॉक्टरांनी दिलीय," एवढ्यावर थांबता येते, आणि थांबणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. पुढे लग्नाचा विषय निघतो. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका घटला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे त्या वयात कळणे म्हणजे आयुष्य परत मिळण्यासारखे आहे.

समाजाचीही कसोटी झालेली आहे. औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी अशा मुलांसाठी सेवालय उभारले. २००९ मध्ये ती मुले गावच्या शाळेत जाऊ लागताच इतर पालकांनी आपली मुले पाठवण्यास नकार दिला. आज त्याच सेवालयाला जोडून, सज्ञान झालेल्या मुलामुलींसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' ही वसाहत आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने शिक्षणातील असा भेदभाव निषिद्ध ठरवला आणि गुप्ततेचा हक्क दिला. "माझ्यामागं ह्यांचं कोण?" या आजीच्या प्रश्नाचीही त्यात दखल आहे: बाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले बारा ते अठरा वर्षांचे भावंड आपल्या धाकट्यांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, इलाज आणि बँकेचे व्यवहार करू शकते. कायद्याने अधिकार दिला. पण बँकेची पावती कशी भरावी, दाखल्याचा अर्ज कोणत्या कचेरीत द्यावा, गावाबाहेर कामाला जाताना औषधाचे केंद्र कसे बदलून घ्यावे, हे त्या बारा वर्षांच्या मुलीला कोणी तरी शेजारी बसून शिकवलेच पाहिजे, आणि तेही आजी हयात असताना, तिच्या देखत.