मॅनेजर नेमताना

कारखाना वाढला की जाणता मॅनेजर लागतोच. मुलाखतीत गोड बोलण्यावर जाऊ नये. ‘अडकलेली उधारी कशी वसूल केली?’ असे नेमके विचारावे, जुन्या मालकाकडे चौकशी करावी. उमेदवार भाचा-पुतण्या असला तरी हेच.

मुंबईची सिप्ला ही औषध कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली काढली. तिथे उमंग व्होरा २०१५ साली आले ते हिशेबखात्याचे प्रमुख म्हणून. २०१६ साली ते मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. तोवर त्यांचे काम घरातच पाहता आले होते.

आपणही आधी वसुली किंवा खरेदी सोपवावी, मग सारा कारभार. प्रत्येक बिलावर मालकच सही करणार असेल तर मॅनेजर कशाला, मुनीम पुरे! पगार, अधिकार, खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी लेखी ठरवून दोघांनी सह्या कराव्यात.