राब भाजायचा असतो

कशेळ्याहून खांडसकडे निघालं की भीमाशंकरचा डोंगर सतत समोर असतो. एप्रिलअखेरची सकाळ होती. डांबरी सोडून एका ठाकूरवाडीच्या मातीच्या वाटेला गाडी वळवली आणि धुमसत्या शेणाचा, पाल्याचा वास आला. खाचराच्या कोपऱ्यात एक कुटुंब राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जागा, भाजत होतं.

रचाई आधीच झाली होती. खाली शेण, त्यावर कवळ, म्हणजे हिवाळ्यात ऐनाच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या. मग गवत-पातेरा आणि सगळ्यात वर ढेकळं फोडून केलेली बारीक माती. खरी कसोटी या मातीची. जाड पडली तर आग गुदमरते, पातळ पडली तर पाला भसकन पेटून जातो.

पेटवतानाही वारा पाहतात. वारा जिकडे जातो त्या टोकाला विस्तव लावायचा, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध रेटत हळूहळू सरकते. "हे जाळायला किती वेळ लागेल?" मी विचारलं. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "जाळायचा नाय दादा, भाजायचा."

दुपारपर्यंत मोठी ज्वाळा दिसलीच नाही. आजींचा मुलगा हिरव्या फांदीने कडा झोडपत होता. या मंद धगीने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतं. मग पावसाच्या तोंडावर भाताचं बी पडतं आणि तीनेक आठवड्यांनी आवणी, म्हणजे रोपांची लावणी. एक हेक्टर आवणीला साधारण 10 गुंठ्यांची रोपं लागतात.

कवळावरून सरकारशी भांडणही जुनं आहे. 1885 मध्ये ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींसाठी मुंबई सरकारने वन आयोग नेमला. राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा त्यातला मोठा प्रश्न होता.

याच भागात, नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवलं. त्यात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. राब, चिखलणी, आवणी काहीच नाही. झाडं आणि कंबर दोन्ही वाचतात. ते पसरावं असं मला मनापासून वाटतं. पण विस्तवाला इतक्या सबुरीने चालवणारी ही जाण राबाबरोबर विझू नये, तिची नीट नोंद व्हावी, असंही वाटतं.

उन्हं कलल्यावर आजींनी काठीने राख उकरली. खालची माती तांबूस झाली होती. एका जागी मात्र पाला अर्धवट काळा राहिलेला. "इथं तण येनार," असं म्हणत त्यांनी तिथे पेटती गोवरी ठेवली आणि वरून मूठभर माती टाकली.