घरच्या कॉम्प्युटरवर ‘सी’ शिकायचंय? मग कंपायलर कोणता टाकायचा

बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू झाले की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : लॅपटॉप घेतला, आता त्यात ‘सी’ कसं टाकायचं? बेळगाव असो, फोंडा असो की इंदूर, दुकानदाराचं उत्तर बहुतेक एकच. टर्बो सी टाकून देतो.

आधी कंपायलर म्हणजे काय ते बघू. आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळत नाही. त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. प्रोग्राम लिहायची खिडकी म्हणजे एडिटर, ती वेगळी वस्तू. इथंच घोळ होतो. व्हीएस कोड टाकून ‘प्रोग्राम चालत नाही’ म्हणणारी पोरं भरपूर, कारण व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे. कंपायलर वेगळा टाकावा लागतो.

आता टर्बो सी. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं, 16 बिटचं. आजचं 64 बिट विंडोज 16 बिटचे प्रोग्राम चालवतच नाही, म्हणून ते डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये बसवून चालवतात. चालतं, नाही असं नाही. पण तोटा कुठं होतो ते हिशेबाच्या भाषेत सांगतो, मी पडलो कॉमर्सचा. टर्बोमध्ये ‘इंट’ला दोनच बाइट मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त 32,767. सकाळची विक्री 20,000 आणि संध्याकाळची 15,000, दोन्ही ‘इंट’मध्ये घेऊन बेरीज केली तर पडद्यावर येतं उणे 30,536! एरर नाही, काही नाही. आजच्या जीसीसीमध्ये त्याच ‘इंट’ला चार बाइट असतात, मर्यादा 214 कोटींच्या वर जाते.

दुसरी गोष्ट सवयीची. ‘व्हॉइड मेन’, ‘क्लिअरस्क्रीन’ची आज्ञा, सी प्लस प्लसमध्ये ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ हे टर्बोचे लाड. सी प्लस प्लसचं प्रमाण 1998 साली ठरलं, त्यात यातलं काही बसत नाही. नोकरीच्या ऑनलाइन परीक्षेत असा प्रोग्राम कंपाइलच होत नाही, आणि पोरगं म्हणतं, कॉलेजात तर चालला होता.

मग टाकायचं काय? जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये आणलेला, फुकट, आजही सुधारत असलेला. विंडोजवर कोड ब्लॉक्स घ्या, एडिटर आणि कंपायलर एकत्र येतात. फक्त डाउनलोड करताना फाइलच्या नावात ‘मिंगडब्ल्यू’ आहे ना ते बघा, नसेल तर कंपायलर आलेलाच नाही. जुन्या, कमी रॅमच्या मशीनलाही हे झेपतं. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी चांगलं आहे, विद्यार्थ्यांना फुकटही आहे, पण कित्येक जीबी जागा खातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. उबुंटूवर ‘बिल्ड इसेन्शियल’ हे एक पॅकेज टाकलं की काम झालं.

जीसीसीत ‘वॉल’ हा पर्याय सुरू ठेवा, तो संशयास्पद ओळी दाखवून देतो.

कॉलेजची प्रॅक्टिकल टर्बोवरच असेल तर सरांशी वाद घालत बसू नका. एकाच लॅपटॉपवर दोन्ही सुखानं नांदतात. परीक्षेच्या आधी आठवडाभर टर्बोवर हात फिरवा, बाकी वर्षभर जीसीसी वापरा. आणि हे सगळं फुकट मिळतं, त्यामुळं ‘सीडीचे पैसे’ कुणी मागितले तर देऊ नका. बसवून द्यायची मजुरी घेतली तर गोष्ट वेगळी.