पाय बसला, पाऊल अडले

अपघातात गुडघ्याखालचा पाय गमावलेल्या कामगाराची जखम भरून येते, कृत्रिम पाय बसतो, समांतर दांड्यांमधला चालण्याचा सराव पूर्ण होतो आणि दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचे प्रमाणपत्रही हातात पडते. तरीही तो कामावर परततोच असे नाही, आणि न परतण्याचे कारण दर वेळी पायातच सापडते असेही नाही. पुन्हा काम जमेल की नाही, याविषयी त्याची स्वतःची जी अपेक्षा असते, तिचा त्याच्या परतण्याशी जवळचा संबंध असल्याचे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. टक्केवारीच्या प्रमाणपत्रात मात्र या अपेक्षेसाठी रकाना नसतो. पुनर्वसन मानसशास्त्राचे काम तिथून सुरू होते.

हे काम म्हणजे रुग्णाला धीर देणे, असा समज सर्रास आढळतो आणि तो फारसा खरा नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘स्वक्षमता’ ही संकल्पना मांडली; अमुक एक काम आपल्या हातून पार पडेल, हा माणसाचा स्वतःवरचा विश्वास, असा तिचा अर्थ. हा विश्वास दुसऱ्याच्या सांगण्याने थोडाफार वाढतो, आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहून बराच वाढतो, पण त्याची पक्की मुळे स्वतः ते काम करून पाहण्यातच असतात. नातेवाइकांनी ‘सगळे ठीक होईल’ असे कितीदाही म्हटले तरी पहिला जिना स्वतः चढून जाण्याची सर त्याला येत नाही.

मुंबईच्या लोकलचे उदाहरण घेतले तर हे अधिक नीट कळते. कृत्रिम पावलाला पायदानाचा स्पर्श कळत नाही, त्यामुळे चढताना नजर खाली, फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीवर ठेवावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी मागून गर्दीचा रेटा येत असतो. एकदा तोल गेला की माणूस गाडी टाळू लागतो; टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते, त्या सुटकेमुळे टाळण्याची सवय घट्ट होते, आणि भीती खरी की अवास्तव, हे पडताळण्याची संधीच उरत नाही. या चक्रावर ‘क्रमशः सामना’ ही पद्धत वापरतात: आधी रविवारी दुपारी रिकाम्या उभ्या गाडीत नुसते चढणे-उतरणे, मग एका स्थानकाचा प्रवास, मग कामाच्या दिवशी दुपारचा, आणि सरतेशेवटी गर्दीच्या वेळी दिव्यांगांच्या डब्यातून. प्रत्येक खेपेआधी भीतीला शून्य ते शंभरपैकी किती गुण, हे तो माणूस स्वतः वहीत लिहितो, आणि उतरल्यावर पुन्हा लिहितो.

कार्यालयात पोहोचल्यावर मात्र प्रश्न त्याच्या मनाचा राहत नाही, इतरांच्या मनाचा होतो. बिअट्रिस राइट यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात ‘प्रसार’ नावाची प्रवृत्ती विशद केली: एका अवयवातली उणीव पाहून बघणारा ती संपूर्ण माणसावर पसरवतो, म्हणजे पाय गेलेल्याची स्मरणशक्ती, निर्णयशक्ती, इतकेच काय, चहाची आवडसुद्धा त्याच्या सोबत्याला विचारली जाते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सरकारी आस्थापनांना असे बजावते की सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणाला काढता किंवा पदावनत करता येणार नाही; जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा, पद निर्माण करून त्यावर ठेवावे. तरतूद मोलाची आहे, पण ती पगार वाचवते, काम देत नाही. ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो’ हे वाक्य आपुलकीनेच उच्चारले जाते. ते रोज ऐकणाऱ्याची स्वक्षमता मात्र हजेरीपटावर सही करता करता झिजत जाते. त्यामुळे मानसशास्त्रज्ञाने रुग्णाइतकाच वेळ त्याच्या वरिष्ठाशी बोलण्यात घालवावा, कोणते काम, किती तास आणि चुकल्यास जाब कसा विचारायचा, हे आधीच ठरवून घ्यावे. जाब विचारला जाणे हीसुद्धा बरोबरीची खूण आहे.

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या बाबतीत (कायद्याने मानलेल्या २१ दिव्यांगत्वांत त्यांचाही समावेश आहे) रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी अमेरिकेत १९९० च्या दशकात जुना क्रमच उलटा केला. आधी वर्षानुवर्षे तयारी आणि मग नोकरी, याऐवजी इच्छा असेल त्याला लवकर खऱ्या नोकरीत बसवायचे आणि आधार नंतरही चालू ठेवायचा, अशी ही पद्धत. अनेक देशांतल्या चाचण्यांत तिने पारंपरिक पद्धतीहून जास्त लोकांना नोकरीपर्यंत पोहोचवले. आपल्याकडे बँकेत हिशेब पाहिलेल्या माणसालाही प्रथम पणत्या रंगवायला बसवले जाते, तेव्हा हा उलटा क्रम आठवल्यावाचून राहत नाही.

कलम २० चे हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत प्रेस चालवणाऱ्याची बोटे गेली, तर त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण होत नाही. वरिष्ठाशी करायचा तो संवाद तिथे आधी ठेकेदाराशी करावा लागतो, आणि तो बहुधा फोनवरच भेटतो.